कोरडं वजन

बेसा, नागपूर
१२ ऑगस्ट २०२४

दीक्षाले जय भीम.

तुझा नंबर बंद येऊन राहिला, म्हणून शेवटी कागद घेतला. दहावीच्या पेपरानंतर मी एवढं काही लिहिलं नाही, तेव्हा चुका काढत बसू नको. तुझा पत्ता डायलिसिस सेंटरच्या कुसुमताईनं दिला. इन्चार्ज बाई आहे, असा कोणाचा पत्ता देता येत नाही म्हणे. मी तीन वेळा जाऊन बसली, तेव्हा चिठ्ठीवर लिहून दिला.

तू रायपूरले एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेऊन राहिली, असं ती म्हणाली. मले ऐकून कसंतरीच झालं. सहा वर्षं मशीनवर काढली तू. पेशंट भांडत, आमची सुई दीक्षाच लावंन म्हणून. अन् आता ट्यूबा भरून राहिली.

इकडचं सांगते. तुझ्या बाबाचा उजवा हात अन् पाय अजून उठत नाही. बोलणं म्हणशील तर दोनच शब्द येतात, 'पाणी' अन् 'नाही'. पण जेवण बरं आहे, झोप बरी आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिसले नेतो. प्रशिक गाडी काढते, मी मागं बाबाजवळ बसते.

तुझ्या भावाचं बोलणं मनावर घेऊ नको. बाप डोळ्यांसमोर कोसळते तेव्हा पोरगा कोणावर तरी चिडतेच. मेमधला तो मंगळवार होता. सकाळचे नऊ वाजले होते. डायलिसिसले निघायच्या आधी बाबा पोहे खाऊन राहिले होते, चमचा हातातून पडला अन् तोंड वाकडं झालं. दवाखान्यात प्रेशर पाहिलं तर वरचं दोनशे तीस. डोक्यातली नस फुटली, असं डॉक्टर म्हणाले. मंग प्रशिकनं सेंटरले अर्ज दिला, की सख्ख्या मुलीनं बापाचं डायलिसिस केलं, वजन नीट पाहिलं नाही, अंगात पाणी ठेवलं, त्यानं बी.पी. वाढलं. तुझी नोकरी गेली. त्याले वाटलं नव्हतं एवढं होईन. निदान मी तरी असंच समजते.

मी काय बोलणार होती? मी बाबाले आधार द्यायले सोबत येत होती, एवढंच. मशीनमधलं मले काय कळते.

राग धरू नको. एकदा येऊन जाजो. दार वाजलं की बाबा तिकडं पाहतात.

तुझी आई


बेसा
४ सप्टेंबर २०२४

दीक्षा,

उत्तर आलं नाही. पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे तू घेतलं.

बाबाचं प्रेशर उतरलं, हे सांगायले लिहून राहिली. वरचं एकशे चाळीस, खालचं ऐंशी. सेंटरमधल्या नव्या टेक्निशियननं मोजलं, घरी मी मोजलं, तेवढंच. तुले आठवते ना, पाच जातीच्या गोळ्या होत्या. डायलिसिसच्या सकाळी कोणती घ्यायची नाही, ते तू डब्यावर लाल पेनानं लिहून दिलं होतं. एवढ्या गोळ्या खाऊन एकशे नव्वदच्या खाली यायचं नाव नव्हतं. आता दोनच राहिल्या. पायावरची सूजही गेली, चप्पल चढते.

काय वेगळं केलं म्हणशील तर काहीच नाही. बाबाले उभं राहता येत नाही, तर आता चाकाच्या खुर्चीसकट मोठ्या काट्यावर चढवतात अन् खुर्चीचं वजन वजा करतात. कोणी हात लावायचा नाही, मी भिंतीपाशी उभी राहते. दवाखान्यातून आल्यावर पहिल्याच दिवशी वजन तुमच्या फाइलीतल्यापेक्षा दोन किलोच्या वर जास्त भरलं. डॉक्टर किती वेळ कागद उलटत बसले होते. मंग ते पाणी त्यांनी एकदम नाही काढलं, दर खेपेले थोडं थोडं जास्तीचं काढत गेले.

तूच मले शिकवलं होतं. किडनी बंद पडली की प्यालेलं पाणी अंगातच साचते, त्यानं प्रेशर चढते, अन् अशा माणसाचं प्रेशर आधी पाणी काढून उतरवायचं असते, गोळी त्याच्या मागून. जास्तीचं सगळं पाणी निघाल्यावर जे भरते ते माणसाचं कोरडं वजन. बाबाचं कोरडं वजन बावन्न किलो, हे मले माझ्या जन्मतारखेपेक्षा पक्कं पाठ आहे.

रविवारी श्वेताचे आईवडील आले होते. प्रशिक सासऱ्यासमोर म्हणाला, "पाहा ना, दीक्षा गेली अन् तीन महिन्यांत बाबाचं बी.पी. जाग्यावर आलं. अजून काय पुरावा पाहिजे?" ते मान हलवून राहिले होते. मी कपबशा उचलल्या अन् आत गेली. ओट्यापाशी उभी राहिली ती उभीच राहिली. श्वेतानं येऊन विचारलं, काय झालं आई. मी म्हटलं, चक्कर आली.

तुले एक लिहायचं आहे. आज होत नाही.

आई


बेसा
१३ ऑक्टोबर २०२४

दीक्षा,

काल दीक्षाभूमीवर गेली नाही. तू पोटात होती तेव्हाही मी गेली होती. नऊ महिने भरले होते, तुझी आजी ओरडत होती, तरी कामठीहून गेली. त्यावरूनच तुझं नाव. काल प्रशिक अन् श्वेता जाऊन आले, मी बाबाजवळ थांबली. घरीच वंदना घेतली. पंचशील म्हणताना चौथ्यापाशी, खोटं बोलणार नाही म्हणायचं असते तिथं, माझी जीभ अडते. मे महिन्यापासून अडते. मी ते गिळते अन् पाचव्यावर जाते.

आता लिहिते. शिव्या देशील तर दे.

बाबाचं वजन मी चोरलं.

पहिल्यांदा मुद्दाम नव्हतं. बाबा काट्यावर चढले की डुलत, म्हणून मी त्यांचं उजवं कोपर धरून उभी राही. डाव्या हातात सुया टोचायची नस, त्याले कोणी धरायचं नाही. थकल्या नवऱ्याले बायको धरतेच, त्यात कोणाले काय वाटणार. एक दिवस मी जरा घट्ट धरलं, अन् काट्यावरचा लाल आकडा किलोभर खाली आला. त्या आकड्यावरून मशीन लागली, पाणी कमी निघालं, अन् बाबाच्या पायात गोळे आले नाही.

ते गोळे तू रोजच पाहत होती, पण तू दहा पेशंटचे पाहत होती. मी एकाच माणसाचे पाहत होती. तिसरा तास लागला की पोटरी दगड होऊन जाय. कामठीच्या लूमवर तीस वर्षं उभा राहिलेला माणूस, कधी हाय म्हटलं नाही, तो चादर तोंडात धरून रडे. आजूबाजूच्या खाटांवरचे लोक तोंड फिरवून घेत. त्या दिवशी मात्र बाबा चार तास झोपून होते. ऑटोत बसल्यावर मले म्हणाले, "आज काहून दुखलं नाही, माहीत आहे का तुले?"

मले माहीत होतं. मी पंधरा वर्षं लूमसाठी सुताच्या कांड्या भरल्या. सूत तोलून मिळे, अन् तोलणारा माणूस पारड्याखाली बोट कसं लावते हे आम्ही बाया रोज पाहत होतो. मी तेच केलं होतं.

मंग ते दर खेपेचं झालं. बाबा काट्यावर चढले की हळूच म्हणत, "धर वं." मी आकड्याकडे पाहत पाहत कोपर वर उचले. आधी किलोभर. प्रेशर उतरेना म्हणून डॉक्टरनं कोरडं वजन अजून खाली, बावन्नवर आणायले सांगितलं, तेव्हा दीड. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला, बाबाची तहान आवरेना, कूलरसमोर बसून जीभ ओठावरून फिरवत. मी तुले न सांगता ताक देत होती, तेही मीठ घालून. तेव्हा दोन. डायलिसिस संपल्यावर पुन्हा वजन होई, तेव्हाही धरे. म्हणजे तुझ्या कागदावर सगळं बरोबर भरे. डॉक्टर कागद पाहत अन् गोळी वाढवत. पाणी जिथल्या तिथं.

तू दोनदा म्हटलं होतं, "आई, हात सोड, एकटं उभं राहू दे बाबाले." मी सोडला. तू दुसऱ्या पेशंटकडे वळली की पुन्हा धरला. आठ मशिनी अन् तुम्ही दोघीजणी, तू तरी कुठं कुठं पाहशील.

अन् आयसीयूच्या बाहेर तू मले एकच गोष्ट विचारली. प्रशिक जिन्यात फोनवर होता. तू म्हणाली, "आई, खरं सांग, काट्यावर तू बाबाले उचलत होती का?" मी म्हटलं, "नाही वं. मी काहून उचलीन?" तू माझ्या हाताकडे पाहिलं अन् पुढं काही विचारलं नाही. मले वाटलं, तुझा विश्वास बसला. सुटली असं वाटलं, तेही लिहून टाकते.

बाबाले दोन शब्द येतात असं मी लिहिलं होतं. तीन येतात. तिसरा 'धर'. उशी पाहिजे असली तरी म्हणतात, लघवीले लागली तरी म्हणतात. श्वेता हसते, बाबाले आईशिवाय करमत नाही म्हणते. मी खाली मान घालून उशी देते.

मले त्यांचं रडणं पाहवलं नाही. त्यापायी त्यांचं अर्धं अंग गेलं अन् तुझा संसारच उठला, कारण तुझा संसार म्हणजे ती मशीनच होती. मी कोणापाशी बोलली नाही. आज पहिल्यांदा तुझ्यापाशी बोलून राहिली.

आई


बेसा
१० नोव्हेंबर २०२४

दीक्षा,

गुरुवारी बाबा मशीनवर होते तेव्हा मी कुसुमताईच्या खोलीत गेली अन् तुले लिहिलं ते सगळं तिले सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मंग उठून दार लावलं, कपाटातून फाइल काढली अन् एक कागद माझ्यासमोर ठेवला.

तुझं अक्षर मी लगेच ओळखलं. 'पेशंटचे वजन मी स्वतः घेत होते. वजन घेताना नातेवाईकांनी पेशंटला हात लावलेला नाही. नोंदीत चूक असल्यास ती माझी आहे.' खाली सही, तीस मे. मी तुले नाही म्हटलं त्याच्या नऊ दिवसांनंतरची.

दीक्षा, म्हणजे तुले कळलं होतं. तू माझ्या हाताकडे पाहिलं तेव्हाच कळलं होतं. मी बाहेर येऊन बाकावर बसली. बाजूची बाई विचारे, पेशंट गेला का तुमचा. मले रडताना पाहून तिले तसं वाटलं.

काहून केलं तू असं, हे मी घरी येईपर्यंत स्वतःले विचारत होती. उत्तर दार उघडल्याबरोबर मिळालं. प्रशिकचा फ्लॅट, श्वेताचं स्वयंपाकघर, कोपऱ्यात माझी अन् बाबाची खोली. आईचं नाव निघालं तर भाऊ तिले इथं ठेवणार नाही, हे तुले दिसलं. बाबाचं तोंडही मले पाहू देणार नाही, हेही दिसलं असंन. तू तुझी नोकरी दिली अन् मले ती खोली ठेवली. अन् मी त्या खोलीतून तुले लिहीत होती, राग धरू नको म्हणून.

कुसुमताई म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते. "जयवंताबाई, तुमचं खरं मानलं तर दीक्षानं सहीनिशी खोटं लिहून दिलं. तुमचं खोटं मानलं तर वजनाची चूक तिच्या नावावर आहेच. दोन्हीकडून तीच अडकते." मी म्हटलं, मंग मी काय करू. ती म्हणाली, तुमचा जबाब द्या, पण त्यानं भागणार नाही. दीक्षानं स्वतः नवीन जबाब द्यावा, काय पाहिलं, काय समजलं, अन् काहून लपवलं. रायपूरच्या एका दवाखान्यात डायलिसिसची जागा आहे, तू तिथं अर्ज केला आहे, अन् त्यांनी सेंटरले तुझ्याबद्दल विचारलं आहे. महिना संपायच्या आत उत्तर धाडायचं आहे. फाइलीत आज जे आहे तेच लिहावं लागंन, असं ती म्हणाली. ती बाई वाईट नाही. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं.

मी माझा जबाब दिला. खाली सही केली. आता तू तुझा दे. माझी काळजी करू नको.

आई


कुही
२४ नोव्हेंबर २०२४

दीक्षा,

तुझं कार्ड सोळा तारखेले मिळालं. तीनच ओळी. 'मला काही लिहून द्यायचे नाही. बाबांच्या ताकात मीठ घालू नको. तू तिथेच राहा.' मी ते दहा वेळा वाचलं. सहा महिन्यांनी तुझं अक्षर हातात आलं, तर आनंद व्हायले पाहिजे होता. मले तुझा राग आला. तुझं सगळं गेलं तरी तू माझी खोलीच राखून राहिली.

म्हणून दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, चहा झाल्यावर मी प्रशिकले अन् श्वेताले समोर बसवलं. बाबाही खुर्चीत तिथंच होते. मी पहिल्यापासून सांगितलं. कोपर, आकडा, ताक, सगळं. श्वेतानं तोंडावर हात ठेवला. प्रशिक ओरडला नाही. मले वाटलं होतं ओरडंन. तो बाबासमोर गुडघ्यावर बसला अन् म्हणाला, "बाबा, आई म्हणते तुम्हीच तिले धर म्हणत होते. खरं आहे का?"

बाबानं माझ्याकडे पाहिलं. मंग डोळे मिटले अन् म्हणाले, "नाही."

मले माहीत आहे त्यांच्यापाशी तीनच शब्द आहेत. डोक्यात एक असते अन् तोंडून दुसरं निघते, हे डॉक्टरनंही सांगितलं आहे. तरी मले ते लागलं. एकतीस वर्षं मी त्यांचं ऐकलं, अन् त्या दिवशी मी एकटी पडली. मले खूप एकटं वाटलं, दीक्षा.

प्रशिक एवढंच म्हणाला, "आजपासून तू बाबाले हात लावायचा नाही." घरातून जा असं तो म्हणाला नाही, त्याच्यावर तो आळ नको. पण त्या घरात मी बाबाले हात लावायचा नाही तर करायचं काय? मी तिथं त्याच्यासाठीच होती. तीन लुगडी पिशवीत घातली. श्वेता लिफ्टपर्यंत आली, रडत होती, गोळ्यांच्या वेळा विचारून घेतल्या. बाबाच्या खोलीत मी गेली नाही. आता इथं कुहीले रुखमाबाईकडे आहे. मोठी बहीण असून तिनं अजून काहून आली हे विचारलं नाही. धानाची कापणी झाली आहे, बांधायचं काम आहे, ते करते.

श्वेतानं परवा फोन केला. बाबाचं वजन बावन्नच भरते, प्रेशर एकशे तीस. पायात गोळे आता क्वचित येतात, पाणी सावकाश काढतात म्हणून. म्हणजे तेही होण्यासारखं होतं. आम्ही तोंड उघडून सांगितलं असतं, एवढं सोसवत नाही, तर डॉक्टरनं वेळ वाढवून दिली असती. तू असंच म्हणत होती. आम्ही मान हलवत होतो अन् काट्यावर जाऊन चोरी करत होतो.

प्रशिकले म्हटलं, अर्ज मागं घे. तो म्हणते, "तिले समजलं होतं तर तिनं लपवलं काहून? मले तरी सांगायचं होतं." त्याचंही खोटं नाही. त्याले मी काय सांगू की तू त्याच्याच भीतीनं लपवलं.

तेव्हा आता नीट ऐक. जे वाचवायसाठी तू खोटं लिहिलं ते राहिलं नाही. खोली नाही, बाबा नाही, प्रशिकच्या घरचा चहा नाही. मले सगळ्यांनी ओळखलं आहे. तुझ्या खोट्यानं आता कोणाचं काही टळत नाही, तुझं मात्र जाते. महिना संपायले सहा दिवस आहेत. हे पत्र मी आजच लिहून उद्या सकाळच्या बसनं नागपूरले जाते अन् मोठ्या पोस्टातून स्पीड पोस्ट करते, म्हणजे परवा तुले मिळंन. तू त्याच दिवशी जबाब लिहून कुसुमताईले फोटो धाड अन् कागद मागून पाठव. ती वाट पाहून राहिली आहे, मी तिच्याशी बोलली.

काय लिहायचं तेही सांगते, कारण तू माझ्यासाठी पुन्हा मऊ लिहिशील. लिही, की बाईनं जाणूनबुजून वजन उचललं. लिही, की दोनदा हटकलं तरी तिनं ऐकलं नाही. लिही, की विचारल्यावर ती तोंडावर खोटं बोलली. नाव पूर्ण लिहिजो, आधार कार्डावर आहे तसं, जयवंता ताराचंद रामटेके. नात्याच्या जागी 'आई' लिहू नको. पेशंटची बायको लिही.